कलम वाचणारा सैनिक

अमेरिकेच्या लष्करात हेलिकॉप्टरची देखभाल करणारे दोन मेकॅनिक होते, असे समजू. आता दोघांचेही गुडघे दुखतात, कानात सतत किणकिण चालू असते आणि अर्धशिशी पाठ सोडत नाही. पहिला भरपाईच्या अर्जात लिहितो, ‘गुडघे फार दुखतात, डोके धरते, काम होत नाही. उमेदीची वर्षे मी देशाला दिली.’ दुसरा लिहितो की गुडघा किती वाकल्यावर कळ येते, जिना चढल्यावर दुसऱ्या दिवशी चालणे किती कमी होते, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले आणि त्यात कामाचे किती दिवस बुडाले.

दोघेही खरेच सांगत आहेत. पण पहिला अर्ज वाचून अधिकाऱ्याला कळवळा आला, तरी त्याला टक्के देता येणार नाहीत. दुसऱ्या अर्जात मात्र टक्के ठरवायला लागणारी माहिती आयती मिळते. त्या मेकॅनिकने अर्ज लिहिण्याआधी नियम वाचले होते. या प्रकरणात सांगायची गोष्ट हीच आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईचे नियम उघड्यावर, सर्वांना वाचता येतील असे ठेवलेले आहेत. काय सिद्ध करायचे, हे तेच सांगतात. म्हणून आधी कलम वाचावे, मग पुरावा गोळा करावा आणि सर्वात शेवटी अर्ज लिहावा. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात आणि नकाराचे पत्र हाती पडल्यावर नियम शोधू लागतात.

नियम कुठे असतात

अमेरिकेची संसद कायदा करते. त्याची अंमलबजावणी कशी करायची हे संबंधित खाते नियमांतून ठरवते. हे सगळे संघीय नियम ‘कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स’ या संहितेत विषयवार लावलेले असतात. माजी सैनिकांचा विषय त्यातल्या ३८व्या भागात येतो. ज्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात, ते माजी सैनिकांचे खाते याच भागाने बांधलेले आहे.

दावेदाराला त्यातली दोन प्रकरणे प्रामुख्याने लागतात. तिसऱ्यात दावा मंजूर कधी होतो हे सांगितले आहे : सेवेशी संबंध कसा ठरतो, कोणता पुरावा चालतो, पैसे कोणत्या तारखेपासून मिळतात. चौथ्यात टक्क्यांची अनुसूची आहे. प्रत्येक व्याधीला चार आकडी सांकेतिक क्रमांक आहे आणि कोणत्या लक्षणाला किती टक्के, हे त्याखाली लिहिले आहे. व्हीएची एक अंतर्गत कार्यपुस्तिकाही आहे आणि ती लोकांना पाहता येते. अधिकारी रोज ती चाळत असला, तरी तिच्यात आणि नियमात फरक पडला तर वजन नियमाचे.

तीन गोष्टी आणि त्यांना जोडणारी कडी

कलम ३.३०३ हा पाया आहे. त्यावरून न्यायालयांनी तीन अटी स्पष्ट केल्या आहेत. आज व्याधी असली पाहिजे. सेवेच्या काळात इजा, आजार किंवा काही घटना घडलेली असली पाहिजे. आणि या दोहोंत संबंध असला पाहिजे. पहिल्या दोन बाबी बहुधा कागदावर सापडतात. दावा अडतो तो तिसरीवर. हा संबंध सांगणाऱ्या डॉक्टरी मताला दावेदार ‘नेक्सस लेटर’ म्हणतात.

डॉक्टरने शंभर टक्के खात्री द्यावी, असे नियम म्हणत नाही. संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकीच किंवा तिच्याहून जास्त आहे, एवढे म्हटले तरी पुरते. मात्र त्यामागचे कारण लिहिलेले हवे. २००८ मध्ये ‘निएव्हेस-रॉड्रिगेझ’ खटल्यात न्यायालयाने हा मुद्दा पक्का केला. डॉक्टरने संपूर्ण फाइल चाळली होती की नाही यावर मताचे वजन ठरत नाही, त्याने दिलेल्या कारणमीमांसेवर ठरते. ‘या रुग्णाचा गुडघा लष्करी सेवेमुळे दुखतो’ हे एक वाक्य तपासणीत टिकत नाही. ‘अनेक वर्षे काँक्रीटवर गुडघे टेकून काम, सेवाकाळातल्या वैद्यकीय नोंदीत दोनदा सूज, घरच्या इतिहासात संधिवात नाही, क्षकिरण चित्रात झीज दिसते, म्हणून संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे’ असे लिहिलेले अर्धे पान टिकते.

संशयाचा फायदा

या व्यवस्थेतले सर्वात मोलाचे कलम ३.१०२ आहे. बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा साधारण समतोल असेल, तर निर्णय माजी सैनिकाच्या बाजूने द्यायचा, असे ते सांगते. दिवाणी दाव्यात वादीचे पारडे थोडे तरी जड व्हावे लागते. इथे दोन्ही पारडी समान झाली की पुरते. १९९० च्या ‘गिल्बर्ट’ निकालाने हा मापदंड स्पष्ट केला.

हे कलम म्हणजे दया नव्हे. लढाईच्या धामधुमीत, तळावर किंवा जहाजावर कागद नीट ठेवले जात नाहीत. त्याचा तोटा सैनिकाने का सोसावा, या विचारातून ते आले आहे. पण समतोल ठरायला दुसऱ्या पारड्यात काहीतरी असावे लागते. व्हीएच्या डॉक्टरचे मत विरोधात आणि दावेदाराचे पारडे रिकामे, अशी स्थिती असेल तर संशयाला जागाच उरत नाही.

५ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बफकिन विरुद्ध कॉलिन्स’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. पुरावा समतोल आहे की नाही, हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. त्यामुळे व्हीएने काढलेला निष्कर्ष उघडपणे चुकीचा असेल तरच माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने तो फिरवावा, असे बहुमताने ठरवले. याचा धडा रोखठोक आहे. ‘पुढे न्यायालय बघून घेईल’ या भरवशावर अर्धा पुरावा घरी ठेवू नये. पारडे भरायचे ते पहिल्याच टप्प्यावर.

नोंद नसेल तर

‘दवाखान्यात गेलोच नाही, तर सिद्ध काय करणार?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक माजी सैनिकाच्या तोंडी असतो. त्याचे उत्तर कलम ३.१५९ मध्ये आहे. सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते किंवा स्वतःच्या शरीरात जाणवते, त्याबद्दलचे त्याचे निवेदन हा ग्राह्य पुरावा आहे. गुडघा सुजला होता, कान वाजत होते, नवरा परत आल्यापासून रात्री दचकून उठतो, हे सांगायला डॉक्टरची पदवी लागत नाही. त्या वेळची वैद्यकीय नोंद नाही, एवढ्याच कारणावरून असे निवेदन अविश्वसनीय ठरवता येत नाही, असे २००६ च्या ‘ब्यूकॅनन’ निकालात म्हटले आहे. सोबत्याने लिहून दिलेल्या अशा साक्षीला ‘बडी स्टेटमेंट’ म्हणतात. त्यात भावनेपेक्षा तपशील हवा : कोणते वर्ष, कोणता तळ, काय पाहिले, त्यानंतर काय बदलले.

नोंदी सरकारकडूनच नष्ट झाल्याचे मोठे उदाहरणही आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. त्यात १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या फायली मोठ्या संख्येने होत्या. अशा प्रकरणांत व्हीएवर जास्तीची जबाबदारी येते, असे न्यायालयांनी ठरवले आहे. पर्यायी नोंदी शोधायच्या, संशयाच्या फायद्याचा विचार अधिक काळजीने करायचा आणि निर्णयाची कारणे सविस्तर लिहायची.

मानसिक आघाताच्या दाव्यांसाठी कलम ३.३०४ मध्ये वेगळी वाट आहे. जुलै २०१० मध्ये ते बदलले. तोवर प्रत्यक्ष लढाईत नसलेल्या सैनिकाला आघाताच्या प्रसंगाचा स्वतंत्र पुरावा शोधत फिरावे लागे. आता शत्रूच्या किंवा दहशतवादी हल्ल्याच्या भीतीतून आघात झाला असेल, तो प्रसंग सैनिकाच्या नेमणुकीच्या जागेशी आणि परिस्थितीशी सुसंगत असेल आणि व्हीएच्या मानसोपचारतज्ज्ञाने तो पुरेसा गंभीर मानला, तर साधारणपणे सैनिकाचे स्वतःचे म्हणणे पुरते.

लैंगिक अत्याचार झालेल्या सैनिकांसाठी त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे आणि ती प्रत्येक पीडित सैनिकापर्यंत पोहोचायला हवी. असा अत्याचार बहुतेकदा कुठेच नोंदवला जात नाही, हे नियमाने मान्य केले आहे. म्हणून तो इतर खुणा पाहायला सांगतो : अचानक मागितलेली बदली, घसरलेली कामगिरी, सुरू झालेली दारू, कारण न देता बदललेले वागणे. आईला त्या काळात लिहिलेले पत्रसुद्धा पुरावा होऊ शकते. आणि असा पुरावा चालतो हे दावेदाराला आधी कळवल्याशिवाय व्हीएला दावा फेटाळता येत नाही.

सिद्ध न करता मिळणारा संबंध

काही बाबतींत तिसरी कडी नियमच जोडून देतो. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाचा एजंट ऑरेंज या तणनाशकाशी संपर्क आला, असे गृहीत धरले जाते. त्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, पार्किन्सन, प्रोस्टेटचा कर्करोग यांसारखा यादीतला आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे मानतात. यादी कलम ३.३०९ मध्ये आहे. १० ऑगस्ट २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने तीत उच्च रक्तदाबाची भर पडली. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरात राहिलेल्यांसाठी याच कायद्याने दमा, सायनसचा जुनाट विकार आणि अनेक कर्करोगांसाठी असेच गृहीतक ठेवले. तेव्हा या सैनिकांनी डॉक्टरच्या मतासाठी खर्च करण्याआधी यादी पाहावी. ज्याला नियमाने आधीच होकार दिला आहे, ते पुन्हा सिद्ध करत बसू नये.

दुसरे गृहीतक भरतीच्या वेळच्या प्रकृतीबद्दल आहे. भरतीच्या तपासणीत ज्या व्याधीची नोंद झाली नाही, तिच्या बाबतीत सैनिक निरोगी होता असे मानले जाते. ‘हा आजार आधीपासूनच होता’ असे व्हीएला म्हणायचे असेल, तर तो आधी होता आणि सेवेने वाढलाही नाही, या दोन्ही गोष्टी निःसंदिग्ध पुराव्याने दाखवण्याचे ओझे व्हीएवर आहे. अनेक नकारपत्रांत यातला पहिलाच अर्धा भाग असतो. ते पत्र हातात आले की दुसरा अर्धा कुठे आहे, हे विचारावे.

तिसरी वाट कलम ३.३१० ची. मंजूर झालेल्या एका व्याधीमुळे दुसरी जडली किंवा असलेली बळावली, तर दुसरीलाही भरपाई मिळते. दुखऱ्या गुडघ्यामुळे लंगडत चालून दुसऱ्या बाजूचा खुबा गेला, तर खुब्याचा थेट लष्कराशी संबंध दाखवायची गरज नाही. गुडघ्याशी दाखवला तरी चालते.

टक्के कसे ठरतात

आता गुडघा जवळून पाहू. निरोगी गुडघा १४० अंशांपर्यंत वाकतो. अनुसूचीतल्या ५२६० या क्रमांकाखाली तो ४५ अंशांवरच अडत असेल तर १० टक्के, ३० वर अडला तर २० आणि १५ वर अडला तर ३० टक्के. मोजमाप गोनिओमीटर या कोनमापकानेच करायचे, असे कलम ४.४६ सांगते. तपासणीच्या दिवशी गुडघा ९० अंश वाकला, तर या तक्त्यात शून्य.

बरेच दावे याच शून्यावर संपतात, पण कलम ४.५९ तिथे थांबत नाही. सांधा हलवताना दुखत असेल, तर त्या सांध्याला किमान भरपाईयोग्य टक्के द्यावेत, असे ते म्हणते. शिवाय १९९५ च्या ‘डिलुका’ आणि २०१७ च्या ‘शार्प’ या निकालांनुसार डॉक्टरने दुखणे उफाळून येते त्या दिवसांबद्दल विचारले पाहिजे आणि तेव्हा हालचाल किती घटते याचा अंदाज दिला पाहिजे. म्हणून तपासणीला जाताना ‘आज बरे आहे’ एवढ्यावर थांबू नये. वाईट दिवस महिन्यातून किती वेळा येतो, किती टिकतो आणि त्या दिवशी काय करता येत नाही, हे सांगावे. खोटे बोलून कळ वाढवून दाखवू नये, पण सैनिकी सवयीने ती गिळूनही टाकू नये.

अर्धशिशीचा क्रमांक ८१००. माणसाला आडवे पाडणारे झटके सरासरी दोन महिन्यांतून एकदा येत असतील तर १० टक्के, महिन्यातून एकदा तर ३०. फार वारंवार, पूर्ण लोळवणारे, लांबणारे आणि गंभीर आर्थिक नुकसान घडवणारे झटके असतील तर ५०, आणि त्यापुढे टक्के नाहीत. शेवटच्या पायरीसाठी नोकरी गेलेलीच असली पाहिजे, असा अर्थ व्हीए लावत असे. २००४ च्या ‘पिअर्स’ निकालाने तो अर्थ अडवला. झटके असे नुकसान घडवू शकतात, एवढे दाखवणेही पुरू शकते.

हे कलम वाचलेला माणूस डोकेदुखीची वही वेगळी ठेवतो. ‘मंगळवार, सकाळी १० वाजता सुरुवात. उजेड सहन होईना. ११ वाजता वर्कशॉपमधून घरी. पडदे ओढून संध्याकाळी ६ पर्यंत अंथरुणात, दोनदा उलटी. अर्ध्या दिवसाचा पगार गेला.’ झटका कधी आला, त्याने आडवे पाडले का, किती वेळ टिकला आणि पैशाचे नुकसान झाले का, या चारही प्रश्नांची उत्तरे एवढ्या चार ओळींत आली. सहा महिन्यांची अशी वही आणि मुकादमाचे रजेबद्दलचे पत्र यांची जोड मिळाली, की दाव्याचे बळ वाढते.

दोन पायऱ्यांमध्ये घोटाळा असेल आणि चित्र वरच्या पायरीच्या अधिक जवळ जात असेल, तर वरचे टक्के द्यावेत, असे कलम ४.७ म्हणते. तेही अर्जात नावानिशी लिहावे.

टक्क्यांची बेरीज मात्र शाळेतल्यासारखी होत नाही. अर्धशिशीचे ५० टक्के मिळाले, म्हणजे धडधाकट भाग ५० उरला. दुसऱ्या व्याधीचे ३० टक्के या उरलेल्या ५० मधून मोजायचे, म्हणजे १५. एकूण ६५, आणि जवळच्या दहाच्या पटीत नेल्यावर ७०. त्यात कानातल्या किणकिणीचे १० टक्के मिळवले तर ६९ होतात. म्हणजे हातात पुन्हा ७०च. पण या ७० चे महत्त्व वेगळे आहे. एकत्रित ७० टक्के आणि त्यात एका व्याधीचे किमान ४०, किंवा एकट्या व्याधीचे ६०, अशी स्थिती असेल आणि मंजूर व्याधींमुळे पोटापुरती नोकरी धरून ठेवता येत नसेल, तर कलम ४.१६ नुसार भरपाई १०० टक्क्यांच्या दराने मिळू शकते. हे माहीत नसल्यामुळे ७० वर समाधान मानून बसलेल्या माजी सैनिकाने ते कलम आजच वाचावे.

नकाराचे पत्र

नकार आला की पत्र फेकून देऊ नये. पुढच्या दाव्याचा नकाशा त्यातच असतो. कोणता पुरावा पाहिला, कोणत्या बाबी दावेदाराच्या बाजूने मान्य केल्या आणि नेमकी कोणती अट पुरी झाली नाही, हे व्हीएला पत्रात लिहावे लागते. कलम ३.१०४ नुसार मान्य केलेल्या बाबी पुढच्या अधिकाऱ्यावरही बंधनकारक असतात. उघड आणि निःसंदिग्ध चूक दाखवल्याशिवाय त्या मागे घेता येत नाहीत. म्हणजे भांडण उरते ते फक्त न मान्य झालेल्या अटीपुरते.

फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा खुल्या आहेत. नवा आणि संबंधित पुरावा असेल तर पुरवणी दावा. पुरावा पुरेसा आहे पण नियम चुकीचा लावला असे वाटत असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरपाहणी; तिथे नवा कागद चालत नाही. किंवा थेट अपील मंडळ. एक वर्षाच्या आत पाऊल उचलले, तर मूळ तारीख टिकते. तारीख धरून ठेवण्यासाठी आणखी एक सोय कलम ३.१५५ मध्ये आहे : दावा करण्याचा इरादा आधी नोंदवायचा आणि वर्षभरात पूर्ण अर्ज द्यायचा. मंजुरी मिळाली तर पैसे साधारणपणे इरादा नोंदवल्याच्या तारखेपासून मोजतात.

कधी खुद्द नियमच चुकीचा असतो. कोरियन युद्धातले माजी सैनिक फ्रेड गार्डनर यांच्या पाठीची शस्त्रक्रिया व्हीएच्या रुग्णालयात झाली आणि त्यानंतर त्यांचा डावा पाय दुबळा झाला. रुग्णालयाची चूक किंवा अपघात सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असा व्हीएचा जुना नियम होता. संसदेच्या कायद्यात अशी अटच नव्हती. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला. पुढे संसदेने कायद्यातच बदल करून चूक दाखवण्याची अट घातली. पण तत्त्व उरले : खाते नियमांतून कायद्याहून जास्त अटी लादू शकत नाही.

हे सगळे एकट्याने करायची सक्ती नाही. मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी विनामूल्य मदत करतात. वकिलाला किंवा एजंटला पहिला निर्णय येईपर्यंत फी घेता येत नाही. त्याआधीच मोठ्या टक्क्यांचे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. पूर्वी तर नियमांचा अर्थ न्यायालयात तपासून घेण्याची सोयच जवळपास नव्हती आणि १८६४ पासून वकिलाची फी १० डॉलरवर अडवलेली होती. १९८८ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय दिले. वर आलेले सगळे निकाल त्यानंतरचेच आहेत.

आपल्याकडचे कलम

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सैनिक आहेत, त्यांना हा विषय परका वाटू नये. भारतातल्या १९८२ च्या अपंगत्व निवृत्तिवेतनविषयक नियमांतही सैनिक भरतीच्या वेळी निरोगी मानला जाई आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच दिला जाई. लष्कराच्या सिग्नल्स दलातले जवान धरमवीर सिंग यांना अपस्माराच्या कारणाने सेवेतून काढले आणि हे निवृत्तिवेतन नाकारले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि वैद्यकीय मंडळाने कारणेही दिलेली नाहीत, हे दाखवून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो त्याच नियमांच्या वाचनावर उभा आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले असल्याने आपल्या प्रकरणाला कोणत्या वर्षीचे नियम लागू होतात, हे आधी पाहावे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे एक पीठ मुंबईतही आहे.

दोन्ही देशांत सैनिकाला एकच सवय लावलेली असते : तक्रार करायची नाही. भरपाईचा अर्ज ही तक्रार नव्हे. राष्ट्राने लिहून दिलेल्या कराराची ती अंमलबजावणी आहे आणि त्या कराराची कलमे मोकळी पडलेली आहेत. म्हणून अमेरिकेतल्या दाव्याच्या कामाला लागणाऱ्याने आज एवढे करावे. दावा करण्याचा इरादा नोंदवावा, आपल्या व्याधीचा क्रमांक शोधावा, त्याखालची प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर लिहून काढावी आणि प्रत्येक ओळीसमोर आपल्याकडचा कागद, साक्षीदार किंवा वहीचे पान लिहावे. जी ओळ रिकामी राहील, तिचा पुरावा आधी मिळवावा आणि मगच अर्ज पाठवावा.